खडपावरची मेलेली गोगलगाय दिसत नाही

कोल्हापुरात वस्त्ररचनेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलीनं विचारलं आहे: ‘काका, मेक्सिकोत समुद्री गोगलगायीची धार काढून जांभळा रंग घेतात आणि तिला पुन्हा खडकावर सोडतात, असं वाचलं. ती खरंच जगते का? जगत असेल तर देवगडच्या खडपावरच्या, म्हणजे किनाऱ्यावरच्या कातळावरच्या, शंखांवर मला माझ्या प्रकल्पासाठी हेच करायचं आहे. कसं करू?’

तुझ्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. म्हणून आधी दोन्ही सांगतो. मेक्सिकोतली ती गोगलगाय जाणत्या हातात जगते, पिढ्यान् पिढ्या जगत आली आहे. देवगडच्या शंखांवर मात्र तू हे करू नकोस. असं का, ते समजायला थोडं खोलात जावं लागेल.

मी शिकलो प्राणिशास्त्र आणि पोट भरलं नैसर्गिक रंगकामावर. नीळ, मंजिष्ठा, लाख, हिरडा यांत हात बुडवून सत्तावीस वर्षं झाली. त्यातली पहिली काही वर्षं या जांभळ्याच्या मागे मी तुझ्याइतकाच लागलो होतो. त्यातून जे शिकलो ते शंखांच्या जिवावर शिकलो, हे आधीच कबूल करतो.

आधी तो ‘धार’ शब्द. स्पॅनिशमध्ये या कामाला गाईच्या धारेचाच शब्द आहे, म्हणून जगभर तोच रुळला. पण आपण कोल्हापूरची माणसं, गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धारोष्ण दूध पिणारी. धार म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. म्हशीला वैरण घातलेली असते, कास धुतलेली असते, तिला पान्हा फुटतो आणि मग धार लागते. गोगलगायीला पान्हा नसतो. ती जे सोडते ते भ्यायल्यावर सोडते. तिच्या कल्ल्यांजवळ एक ग्रंथी असते, त्या ग्रंथीतला हा स्राव. त्यात रंगाची पूर्वद्रव्यं असतात, तशी स्नायू ढिले पाडणारी द्रव्यंही असतात. कालवं आणि शिंपले खाणाऱ्या या शिकारी जिवाचं ते हत्यार आहे आणि शत्रू आला की ढालही तीच. याच कुळातल्या एका ऑस्ट्रेलियन गोगलगायीच्या अंड्यांच्या पुंजक्यात रंगाची ही पूर्वद्रव्यं सापडली आहेत आणि त्यांत जिवाणू रोखण्याचा गुण आहे. म्हणजे आपण जो थेंब सुतावर घेतो त्यात तिची शिकार आहे, तिचा बचाव आहे आणि पिल्लांचा काही वाटाही आहे. जगते का, हे विचारताना एवढं सगळं त्या प्रश्नात येतं.

हा स्राव सुरुवातीला रंगहीन किंवा दुधाळ असतो. हवा आणि ऊन लागलं की पिवळा, मग हिरवा, मग जांभळा होतो. इंग्लंडमध्ये विल्यम कोल यांनी १६८०च्या दशकात किनाऱ्यावरच्या एका लहान गोगलगायीच्या स्रावानं तागाच्या कापडावर खुणा करून उन्हात बदलणाऱ्या या रंगांचा क्रम नोंदवून ठेवला होता. सोबत लसणासारखा उग्र वास येतो, गंधकाच्या संयुगांचा. तो कापडातून वर्षानुवर्षं जात नाही. शेवटी जो रंग उरतो तो रसायनाच्या भाषेत आपली नीळच, फक्त तिला ब्रोमिनचे दोन अणू चिकटलेले. समुद्राच्या पाण्यातलं ब्रोमिन तेवढं त्या जिवानं त्यात घातलेलं असतं. ही नात्याची गोष्ट लक्षात ठेव, शेवटी कामाला येणार आहे.

आता मेक्सिको. पॅसिफिकच्या किनाऱ्यावर वाहाका नावाचं राज्य आहे. तिथल्या पिनोतेपा दे दोन लुईस या गावचे मिश्तेक जमातीचे रंगारी वातुल्कोच्या खाडीपर्यंत जातात. आता गाड्या आहेत, पूर्वी कित्येक दिवस पायी जात. तिथल्या गोगलगायीला शास्त्रात प्लिकोपुर्पुरा म्हणतात, त्यांच्या भाषेत तिशिंदा. रंगवायला पुरुष जातात आणि विणायला बायका बसतात. पोसावान्को नावाचं त्यांचं आडव्या पट्ट्यांचं लुगडं असतं. त्यात निळा पट्टा निळीचा, लाल कोशिनील किड्याचा आणि जांभळा या गोगलगायीचा.

त्यांची पद्धत अशी. सुताची लडी समुद्राच्या पाण्यात भिजवून हातावर, खांद्यावर टाकायची. ओहोटीला लाटांच्या माऱ्यातल्या खडकावर चढायचं. कपारीत बसलेली गोगलगाय हलक्या हातानं, लागलीच तर लाकडी काडीनं सोडवायची. तिच्या पायावर दाब द्यायचा किंवा फुंकर मारायची. आधी नुसतं पाणी येतं, ते टाकून द्यायचं, मग दुधाळ स्राव थेट सुतावर घ्यायचा. ना भट्टी, ना तुरटी, ना हिरडा. मग तिला परत ओल्या, सावलीच्या कपारीत ठेवायची. त्या खडकावर पुन्हा यायचं ते एक चांद्रमास उलटल्यावर. हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च, बाकीचे महिने तिच्या विणीसाठी सोडून द्यायचे.

या वर्णनात सगळे लोक ‘स्राव’ आणि ‘जांभळा’ हे शब्द पाहतात. मी पाहतो ‘परत ठेवायची’ हे दोन शब्द. परत ठेवणं आणि परत टाकणं यांत त्या जिवाचं जगणं-मरणं आहे.

का ते सांगतो. या गोगलगायीच्या शंखाचं तोंड रुंद असतं आणि त्यावरचं झाकण तोंडाच्या मानानं फारच लहान. इतर काही शंखांसारखं घट्ट दार लावून ओल आत धरून ठेवणं तिला जमत नाही. तिचा सगळा भरवसा पायावर. पायानं कातळ धरला की खालचा ओलावा टिकतो, लाट आली तरी ती हलत नाही, खेकड्याला तिचं मऊ अंग सापडत नाही. तू तिला उचलतेस त्या क्षणी ही तिन्ही संरक्षणं एकदम जातात आणि वर तिचं हत्यारही तू नुकतंच काढून घेतलेलं असतं. अशा अवस्थेत ती उन्हातल्या कोरड्या दगडावर पडली तर सुकते. उलटी पडली तर सरळ होण्यात वेळ आणि ताकद जाते. फेसाळ पाण्यात भिरकावली तर लाट तिला घरंगळत वाळूत नेते आणि तिथं मासे, खेकडे, आठ पायांचा ऑक्टोपस टपलेले असतात. रंगाऱ्यानं तिला तोंड खाली करून कपारीत ठेवली, पाय चिकटला हे पाहिलं आणि मगच हात काढला, तर ती पुढच्या भरतीपर्यंत निभावते. दोन मिनिटांचं काम आहे. हजारदा करायचं असलं की हीच दोन मिनिटं माणूस आधी वाचवतो.

आता मला मुख्य वाटणारी गोष्ट. मेलेली गोगलगाय खडपावर राहत नाही. शेळी मेली तर गोठ्यात दिसते, झाड वाळलं तर उभं दिसतं. गोगलगाय मरते तेव्हा आधी तिचा पाय सुटतो. पाय सुटला की लाट तिला घेऊन जाते. तू महिन्यानं त्याच जागी आलीस तर तुला दिसतील त्या फक्त जिवंत असलेल्या. ज्या गेल्या त्यांची खूणही उरत नाही. म्हणून ‘मी परत सोडल्या, एकही मेलेली पाहिली नाही’ हे वाक्य कुणी मनापासून म्हणालं तरी त्यातून काहीच सिद्ध होत नाही. उचलताना पाय फाटलेली गोगलगाय त्या दिवशी मरत नाही, चार-आठ दिवसांनी मरते. तोवर आपण घाट चढून घरी आलेलो असतो.

दुसरा चकवा याहून मोठा आहे. रिकामा शंख किनाऱ्यावर फार काळ रिकामा राहत नाही. साधू खेकडा त्यात घर करतो आणि तो शंख पुन्हा खडपावर चालू लागतो. मी सुरुवातीला शंख मोजत होतो आणि संख्या कायम आहे म्हणून समाधानात होतो. एके दिवशी सहज एक उलटा करून पाहिला, आत खेकड्याचे पाय. मग शेजारचा पाहिला, त्यातही तेच. त्या दिवसापासून मी शंख मोजणं सोडलं आणि पाय मोजू लागलो. तू कधी मोजशील तेव्हा हेच कर. कातळाला चिकटून सरकणारा मऊ पाय दिसला तरच ती गोगलगाय.

एकदा मी नखांना लावायच्या रंगाचे ठिपके देऊन काही शंख खुणावले होते. शंख कोरडा करून लहानसा ठिपका, तोही न उचलता. पुढच्या पौर्णिमेला गेलो तर थोडेच सापडले. उरलेले मेले, सरकले, की ठिपकाच घासून गेला, हे ठरवायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. तेव्हा उमगलं की ‘जगतात का’ याचं उत्तर एका फेरीत मिळत नाही. त्यासाठी शेजारचा हात न लावलेला तसाच एक तुकडा हवा, त्यातल्याही गोगलगायी खुणावलेल्या हव्यात, आणि दोन्हीकडे महिनोन् महिने जायला हवं. हात लावलेल्या तुकड्यातल्या जास्त हरवल्या, तरच तो फरक आपल्या हाताचा.

मिश्तेक रंगाऱ्यांकडे ही मोजणीबिजणी नव्हती, पण त्याहून जुनं काहीतरी होतं. तोच माणूस, तोच खडक, वर्षामागून वर्ष. मुलगा बापाबरोबर जायचा. खडक ओका झाला तर पुढच्या हंगामात त्याच्याच लडीला रंग कमी चढायचा, म्हणून लहान गोगलगायी सोडून द्यायच्या आणि महिन्याची विश्रांती पाळायची. नियम शिक्षेच्या धाकानं नव्हे, परत यायचं आहे म्हणून पाळले जात होते.

हे किती खरं आहे ते १९८०च्या दशकात दिसलं. जपानमधल्या किमोनोंच्या बाजारासाठी या रंगाची मोठी मागणी आली. व्यापारी तत्त्वावर काम सुरू झालं, वारसा नसलेली माणसं रोजानं लावली गेली. गोगलगाय तीच, खडक तेच, स्राव काढण्याची रीतही वरवर पाहता तीच. पण विश्रांती राहिली नाही आणि परत ठेवण्याच्या जागी परत टाकणं आलं. काही वर्षांतच खडक ओस पडायला लागले. मिश्तेक रंगाऱ्यांनी तक्रारी केल्या आणि १९८८ साली मेक्सिकोच्या सरकारनं या गोगलगायीला संरक्षण देऊन परंपरेनं रंगवणाऱ्यांपुरतीच वापराची मुभा ठेवली. वातुल्कोचा किनारा १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाला. तरीही आज तिथं तिला खाण्यासाठी चोरून काढणारे आहेत आणि जाणते रंगारी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. मला या सगळ्यात एक गोष्ट फार लागते. तंत्र चोरता आलं. सवड चोरता आली नाही.

भूमध्य समुद्राकाठची गोष्ट वेगळी, ती थोडक्यात सांगतो, कारण तुझ्या संदर्भसूचीत ती येणारच. तिथले म्युरेक्स कुळातले शंख असे पिळून रंग देत नाहीत. त्यांची ग्रंथी शंख फोडून काढावी लागते, म्हणजे तिथं जगण्याचा प्रश्नच नाही. आजच्या लेबनॉनमधल्या टायर आणि सिडॉन या जुन्या बंदरांनी त्यावर वैभव उभं केलं. सिडॉनला फोडलेल्या शंखांची अख्खी टेकडी आहे. रोमन सम्राट डायोक्लेशियननं ३०१ साली किमतींचा जो हुकूम काढला त्यात जांभळ्या रेशमाच्या एका पौंडाला दीड लाख दिनार लावले आहेत. १९०९ मध्ये पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं या रंगाची रचना उलगडली. तेव्हा १२,००० शंखांमधून त्याला १.४ ग्रॅम रंग मिळाला. हातात अर्धा लहान चमचा हळद घे, साधारण तेवढा. योगायोग असा की त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ झेलिया नटॉल यांनी मेक्सिकोत गोगलगायीचा रंग अजून जिवंत असल्याबद्दल लिहिलं.

‘जगणं’ या शब्दाबद्दल अजून एक, कारण इथं शिकलेली माणसंही फसतात. ब्रिटनच्या खडकांवर नुसेला नावाची लहान गोगलगाय आहे, कोल यांनी वापरली तीच. तिला १९७०-८०च्या दशकांत कुणी रंगासाठी हात लावत नव्हतं. तरी नैऋत्य इंग्लंडच्या काही किनाऱ्यांवरून ती नाहीशी झाली. कारण निघालं बोटींच्या तळाला लावायच्या रंगातलं कथिलाचं एक संयुग, ट्रायब्युटिलटिन. पाण्यात त्याचा अंश असला तरी मादीच्या अंगावर नराची इंद्रियं उगवायची आणि अंडी बाहेर पडायची वाटच बंद व्हायची. म्हणजे मोठ्या गोगलगायी वरवर धडधाकट, खडकावर चिकटलेल्या, पण पिल्लू नाही. कुणी मोजायला गेलं असतं तर काही वर्षं ‘सगळ्या जिवंत’ असंच उत्तर आलं असतं. या गोगलगायीचं पिल्लू अंड्यातून थेट सरपटत बाहेर पडतं, पाण्यावर तरंगत दूर जात नाही. त्यामुळे एक किनारा रिकामा झाला की शेजारच्या किनाऱ्यावरून तो लवकर भरतही नाही. फ्रान्सनं १९८२ मध्ये आणि ब्रिटननं १९८७ मध्ये लहान बोटींवर हा रंग बंद केला, जगभरची बंदी २००८ मध्ये आली. त्यानंतर त्या गोगलगायी हळूहळू परतल्या. आपल्याकडे गोव्यात मुरगाव बंदराच्या परिसरातल्या गोगलगायींमध्येही हाच विकार नोंदवला गेला आहे. म्हणून मोजताना मोठ्यांबरोबर लहानांची संख्या वेगळी लिहायची. लहान दिसत नसतील तर मोठ्यांचं असणं फसवं.

आता देवगड. आपल्या खडपावर थाइस गटातले जाड, ओबडधोबड, करड्या रंगाचे शंख आहेत. कालवांच्या आणि बार्नेकलच्या वस्तीत बसलेले असतात. तेही म्युरेक्सच्याच कुळातले आणि त्यांच्याही ग्रंथीत रंग आहे. बोटानं छेडलं तर थोडासा पांढुरका स्राव येतो, कापडावर घेतला तर डाग जांभळा पडतो. इथंच माणूस हुरळतो. मीही हुरळलो होतो. पण तो थेंब तिशिंदासारखा भरभरून येत नाही, लडी भिजवण्याइतका तर नाहीच. जास्त मिळवायचं तर शंख फोडावा लागतो. म्हणजे तू ज्याला मेक्सिकोची पद्धत म्हणून सुरुवात करशील, ती चार दिवसांत सिडॉनची पद्धत होईल. तुझ्या मनात नसताना होईल, कारण प्रकल्पाची तारीख जवळ आलेली असेल.

मी केलेली चूक सांगतो. उमेदीच्या वर्षांत देवगडहून पंचवीस-तीस शंख बादलीत समुद्राचं पाणी घालून मी कोल्हापूरला आणायला निघालो. घरी खाऱ्या पाण्याची टाकी करायची, सावकाश थोडा थोडा स्राव घ्यायचा, असा बेत होता. एप्रिल होता. तळेरे, वैभववाडी करत घाटापर्यंत आलो तेव्हा बादलीतलं पाणी कोमट झालं होतं आणि त्याला हिरवट झाक आली होती. घाबरलेल्या शंखांनी स्राव सोडला होता, आणि एवढ्याशा पाण्यात तो त्यांनाच बाधत होता. प्राणवायू आधीच संपत आलेला. गगनबावड्याला गाडी थांबवून झाकण काढलं तर वास सहन होईना. घरी पोचल्यावर, पाणी स्वच्छ दिसावं म्हणून, मी काहींना नळाच्या पाण्यात धुतलं. समुद्रातल्या जिवाला गोडं पाणी म्हणजे विष, हे मी परीक्षेत लिहिलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जवळजवळ सगळे पाय सुटून तळाशी पडले होते. त्यांतून मी जो रंग घेतला त्याचा रुमालाएवढा तुकडा अजून माझ्याकडे आहे. तो मी प्रदर्शनात कधी लावला नाही.

कायद्याचंही पाहा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथं असलं काही करायचा विचारही नको. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून कितीतरी शंख आले आहेत. नवख्याला शंख ओळखणं सोपं नसतं.

तू कदाचित विचारशील, जाळ्यात अनायासे येऊन मेलेल्या शंखांचं काय? ट्रॉलरच्या जाळ्यात काटेरी म्युरेक्स येतात आणि बंदरावर कचऱ्यात जातात, हे खरं आहे. त्यातल्या ताज्यांची ग्रंथी काढून अभ्यासापुरता नमुना करायला माझी हरकत नाही. पण त्याला पैसे देऊ नकोस. आज जे कचऱ्यात जातं त्याला उद्या दर मिळाला की ते मुद्दाम धरलं जाईल. धूपासाठी शंखांच्या झाकणांना दर आहे, हे आपण पाहतोच. गंध्याच्या दुकानात नखला म्हणून मिळतं ते तेच. जिथं दर तिथं जाळं.

मग तुझ्या प्रकल्पाचं काय? माझ्या मनात दोन कामं आहेत आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं रंगाचं. वर सांगितलं तसं तो जांभळा म्हणजे निळीचाच भाऊ. निळीचं पिंप लावून तू त्या रसायनाच्या अगदी शेजारी उभी राहतेस. आपल्याकडे गुळाला तोटा नाही. वजनानं एक वाटा नीळ, दोन वाटे भिजवलेला चुना, तीन वाटे गूळ, सगळं गरम पाण्यात कालवून झाकून ठेव. मधूनमधून अलगद ढवळ. वर तांबूस साय आणि खाली पिवळट हिरवं पाणी दिसलं की पिंप तयार. त्यातून सूत हिरवं बाहेर येतं आणि हवेत तुझ्या डोळ्यांसमोर निळं होतं. वाहाकाच्या खडकावर रंग उमलतो, त्याच्या जातीचंच हे दृश्य आहे. फिकट निळं झालेलं सूत नीट धुऊन हिरड्यात आणि मग तुरटीत काढ, सुताच्या वजनाच्या पंधरा-वीस टक्के तुरटी पुरे. त्यावर मंजिष्ठा. पाणी हाताला चटका बसण्याइतकंच तापव, उकळी आली की तपकिरी वळतं. विहिरीचं जड पाणी मंजिष्ठेला मानवतं, ते मिळालं तर घे. रेशीम असेल तर मंजिष्ठेऐवजी लाख, आणि गडद हवं तर शेवटी हिराकसाचा अगदी हलका हात. तो हात जड झाला की रेशीम कुजतं, एवढं सांभाळ. यातून येणारा जांभळा शंखाचा नाही आणि तू तो शंखाचा म्हणून दाखवायचाही नाही. पट्टीवर लिही: नीळ, मंजिष्ठा, कोल्हापूर.

दुसरं काम मोजणीचं, आणि मला विचारशील तर तेच जास्त मोलाचं. आपल्या खडपावरच्या या शंखांची कुणीतरी दर महिन्याला, एकाच जागी, न उचलता केलेली मोजणी हवी आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आपल्याकडे सुकती, म्हणजे ओहोटी, भल्या पहाटेच्या आणि संध्याकाळच्या सुमाराला लागते, खडप लांबवर उघडं पडतं आणि उन्हाचा त्रास नसतो. अष्टमीच्या भांगाला जाऊ नकोस, पाणी पुरेसं हटत नाही. अर्धा मीटर बाजूची चौकोनी चौकट कातळावर ठेवायची, आतले पाय मोजायचे, मोठे वेगळे, नखाएवढे वेगळे, खेकड्यांनी घेतलेले शंख वेगळे. अंड्यांच्या पिवळट कुप्या दिसल्या तर त्यांची नोंद. चौकट दहा जागी ठेवायची आणि पुढच्या महिन्यात त्याच दहा जागी. एकटी जायचं नाही, आणि पाणी फिरलं की मोजणी अर्धी टाकून वर यायचं. दगड उलटा केलास तर तो पुन्हा होता तसाच सुलटा ठेवायचा, त्याच्याखालीही घरं असतात.

कोजागिरीच्या सुकतीला मी देवगडला जाणार आहे. आदल्या रात्री निघालं तर पहाटेला पोचतो. चौकट पीव्हीसीच्या नळ्यांची आहे, माझ्याकडे दोन आहेत. तुझी ताई किंवा मैत्रीण बरोबर घे, रबरी तळाचे बूट घाल, आणि वही पेन्सिलीची आण. खाऱ्या पाण्यात शाई टिकत नाही.